चौथा नागोजी

यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. बोरठाणात गेली पन्नास वर्षं मी जे जे सांगत आलो, त्या सगळ्यावर लोकांनी विश्वास ठेवला. नागझरीच्या डोहातल्या मगरीला मी पाढे शिकवले, यावरसुद्धा ठेवला. बिचारीला तेराचा पाढा शेवटपर्यंत जमला नाही, असं म्हटलं की बायामाणसं हळहळायची. पण ही गोष्ट पडली खरी. तिथं माझा इलाज चालत नाही.

अठ्ठ्याहत्तर सालचा एप्रिल होता. ऊन असं, की नगरपालिकेच्या टपालातली पाकिटं आपली आपणच चिकटत. त्या उन्हात आमचा ओव्हरसियर गेरूचा डबा घेऊन गजराबाईच्या रसवंतीच्या खांबावर फुली काढत होता आणि मी, नगरपालिकेचा कनिष्ठ कारकून दिगंबर, नोटिशीचा कागद धरून त्याच्या मागे उभा होतो.

गजराबाईनं चरक थांबवला. हात पदराला पुसले.

"भावजी, ही फुली कशापायी?"

"वहिनी, जागा मोकळी करायची आहे. इथं पुतळा बसणार," मी म्हणालो.

"कुणाचा?"

"नागोजींचा."

"कंच्या नागोजीचा?"

ओव्हरसियर डब्यात बघायला लागला. मी नोटिशीत बघायला लागलो. नोटिशीत नुसतंच 'नागोजी' होतं.

तुम्ही बाहेरगावचे असाल तर एवढं समजून घ्या. बोरठाणचं दैवत नागनाथ. घर कुणाचंही असो, पहिला मुलगा झाला की त्याचं नाव नागोजी ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. पुढं शाळेत मास्तर काय लावायचं ते लावतात, पण पाळण्यातला नागोजीच. मीही नागोजीच आहे. भर बाजारात "नागोजी!" अशी हाक मारली तर निम्मा बाजार वळून बघतो आणि उरलेला निम्मा बघत नाही, कारण त्या बायका असतात. अशा गावात मागल्या तीनशे वर्षांत जो कोणी मोठा झाला, तो नागोजीच निघाला, यात त्याचा तरी काय दोष?

असे मोठे तिघे होते. एक नागोजी किल्लेदार. त्यांनी समोरच्या टेकडीवरची गढी अकरा दिवस लढवली. बाराव्या दिवशी दरवाजा आतून उघडला तो कुणी, यावर त्यांच्या घराण्यात बोलत नाहीत. दुसरे नागोजीबुवा. शिंपी आळीतले संत. त्यांचे चार अभंग आहेत, त्यातले तीन दुसऱ्या कुणाचे असावेत असा संशय आहे. आणि तिसरे नागोजीपंत. त्यांनी गावाची बारव बांधली. म्हणजे बांधणाऱ्यांची हजेरी घेतली.

त्याच्या तीन वर्षं आधी नगरपालिकेत ठराव आला होता, की वेशीबाहेरच्या या रसवंतीच्या चौकाला 'नागोजी चौक' नाव द्यावं आणि तिथं पुतळा बसवावा. ठराव एका मिनिटात आणि एकमतानं मंजूर झाला. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले. प्रत्येकाच्या मनात आपापला नागोजी होता. पेढा संपेपर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"भावजी, मी काय इचारते?" गजराबाई म्हणाली.

"अजून ठरायचंय, वहिनी."

"म्हंजे कुणाला बसवायचंय ते ठरलं न्हाई, पन मला उठवायचं ते ठरलं?"

गजराबाई तेव्हा तिशीचीही नव्हती. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. जाताना त्यानं मागं ठेवलं काय, तर दोन मुली आणि जमिनीत हातभर पुरून घट्ट बसवलेला हा चरक. मुली पाठीमागच्या सावलीत पाट्या घेऊन बसल्या होत्या. थोरली चौथीत, धाकटी पहिलीत.

"चरक उपटला की मोडनार," ती म्हणाली. "जागा गेली की मला ऊसतोडीशिवाय दुसरं काय हाय? आन आई कोयता घेऊन निघाली की पोरी कोयता घेऊन निघत्यात. शाळा संपली. तेवढं तुमच्या नागोजीला सांगा. जो कोन ठरंल त्याला."

मग तिनं ओव्हरसियरला आणि मला एकेक ग्लास रस दिला. फुली काढणाऱ्याला रस देणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली. ओव्हरसियरला तो रस जाईना. त्यानं अर्धा ग्लास ठेवला आणि डबा उचलून चालता झाला.

*

नगराध्यक्ष होते दाजीसाहेब घोरवडे. किल्लेदारांचे वंशज. त्यांचा आवाज असा, की कचेरीत जांभई दिली तरी बाजारातल्या म्हशी उठून उभ्या राहत. मेच्या एक तारखेला मंत्री येणार, पुतळ्याचं भूमिपूजन त्यांच्या हस्ते होणार, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"दिगंबर, तुला मोडी येते ना?"

"येते, साहेब."

तसं मी अर्जात लिहिलं होतं. खरं म्हणजे मोडी माझ्या वडिलांना यायची. मला त्यांच्याकडून 'श्री' तेवढा आला आणि वाचताना मान कशी हलवायची ते आलं.

"मग दप्तर उघड आणि आमच्या किल्लेदारांचा कागद काढ. एक जरी सापडला तरी त्या शिंप्याला आणि त्या वकिलाला गप्प करतो."

शिंपी म्हणजे केशवशेठ बारटक्के. नागोजीबुवांच्या भजनी मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी मला दुकानात बोलावून, शर्टाचं माप घेता घेता, तेच सांगितलं, "बुवांचा उल्लेख सापडेल का हो कुठे? चार ओळी पुरतील." आणि वकील म्हणजे धुंडिराज मेहेंदळे. त्यांनी रस्त्यात थांबवून सांगितलं, "दिगंबर, पंत हे लेखणीचे गृहस्थ. दप्तरात असणार तर तेच असणार. इतरांचा प्रश्न येतोच कुठे?"

तिघांकडेही कागद नव्हता. तिघेही शंभर वर्षं ऐकीव माहितीवर जयंती करत होते.

मी तीन आठवडे दप्तराची धूळ खाल्ली. रुमालात बांधलेले मोडी कागद गठ्ठ्यांनी निघाले. मला त्यातलं फक्त 'श्री' वाचता येत होतं आणि ते सगळ्यांवर होतं. नशीब एवढंच, की जुन्या कुणा कारकुनानं दर कागदासोबत बाळबोध लिपीत विषयाची चिठ्ठी घालून ठेवली होती. 'बांधाचा तंटा.' 'विहिरीत पडलेली शेळी.' 'काळ्या म्हशीच्या मालकीबद्दल.' नागोजी कुठंच नव्हता. तीनशे वर्षांत बोरठाणचं सरकारदरबारी नाव झालं होतं ते फक्त जनावरांमुळं.

पुतळा समितीच्या पंचवीस बैठका झाल्या. किल्लेदार म्हटलं की बारटक्के उठून जायचे, बुवा म्हटलं की मेहेंदळे कायदा काढायचे, पंत म्हटलं की दाजीसाहेब टेबलावर हात आपटायचे. मी मनातून खूश होतो. हे असंच चाललं तर रसवंतीला हात लागत नाही.

आणि सव्विसाव्या बैठकीला मूर्तिकार पांचाळ आले.

पांचाळांनी टेबलावर हातभर उंचीचा मातीचा नमुना ठेवला आणि पिशवीतून तीन डोक्यांचे कपडे काढले. एक जरीचा मंदिल, एक पागोटं, एक चक्री पगडी.

"पुतळा एकच," पांचाळ म्हणाले. "वरचं सुटं. किल्लेदारांची जयंती आली, मंदिल चढवा. बुवांची आली, पागोटं चढवा. पंतांची आली, पगडी. हातालापण आटे ठेवलेत. तलवार फिरवून काढली की तिथं टाळ बसतो. टाळ काढला की कागदाची गुंडाळी. पितळी आटे आहेत, शंभर वर्षं झिजणार नाहीत."

पांचाळांनी मंदिल चढवला, दाजीसाहेब हसले. पागोटं चढवलं, बारटक्क्यांनी हात जोडले. पगडी चढवली, मेहेंदळे म्हणाले, "वा!"

"चेहरा कुणाचा आहे हो हा?" बारटक्क्यांनी विचारलं.

"दाजीसाहेबांचा," पांचाळ म्हणाले. "फोटो त्यांचाच मिळाला."

"चालेल," दाजीसाहेब म्हणाले.

सोमवारी सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर करायचा आणि मंगळवारी सकाळी जागा मोकळी करायची, असं ठरलं. समिती चहा घ्यायला उठली.

*

मी सरळ रसवंतीवर गेलो. गजराबाईला सगळं सांगितलं. मंदिल, पागोटं, पगडी, आटे, सगळं. ती ऊस सोलता सोलता ऐकत होती.

"तिघं गडी एका धडावर?"

"हो."

"आन जयंत्या किती? तीन?"

"तीन."

"मग उरल्याल्या दिवशी डोक्यावर काय?"

मी ग्लास खाली ठेवला.

"उघडं डोकं तर ठेवनार न्हाईत," ती म्हणाली. "गावच्या वेशीत बोडका पुरुष उभा केला तर अपशकून म्हनतील. मग कुनाचं ठेवनार? ज्याचं ठेवतील त्याचाच झाला की वो पुतळा."

सव्वीस बैठका, एक वकील, एक मूर्तिकार आणि एक नगराध्यक्ष. कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

"वहिनी," मी म्हटलं, "सोमवारी सभेला या. पोरींना घेऊन या. दारात उभ्या राहा."

"आन काय करू?"

"काही नका करू. नुसत्या उभ्या राहा."

*

सोमवारी सभागृह भरलं होतं. शिंपी आळी डावीकडे टाळ घेऊन, घोरवड्यांची माणसं उजवीकडे फेटे बांधून, आणि मेहेंदळ्यांचे पक्षकार मधे. गजराबाई दारात, दोन्ही बाजूंना दोन मुली.

दाजीसाहेबांनी ठराव वाचला. टाळ्या वाजल्या. मी कागद पुढे करायच्या निमित्तानं वाकलो आणि बारटक्क्यांच्या कानात म्हणालो, "शेठ, उरलेले तीनशे बासष्ट दिवस डोक्यावर काय हो?"

बारटक्के उभे राहिले. आयुष्यात त्यांनी एवढ्या चढ्या आवाजात कधी विचारलं नसेल.

"अध्यक्षमहाराज! उरलेले तीनशे बासष्ट दिवस डोक्यावर काय?"

"काय म्हणजे? मंदिल!" दाजीसाहेब म्हणाले. "लढलेल्या माणसाचा मान!"

"अकरा दिवस लढले," मेहेंदळे बसल्या बसल्या म्हणाले. "बाराव्याचं काय?"

"वकील, तोंड सांभाळा!"

"मी प्रश्न विचारला. प्रश्नाला सांभाळायला काय लागतं? पगडी ही सर्वसामान्य दिवसांची वस्तू आहे. मंदिल सणाला घालतात."

"आणि पागोटं?" बारटक्के ओरडले. "पागोटं काय झाडाला बांधायचं?"

डावीकडे टाळ वाजले. उजवीकडे फेटे उभे राहिले. मला वाटलं, जमलं. आता ही भांडणं आणखी तीन वर्षं पुरतील. पण दाजीसाहेबांनी हात वर केला. ते अध्यक्ष होते आणि सभासदांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्या खिशात होते, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

"मतदान घेतो," ते म्हणाले. "वर्षभर मंदिल. दोन दिवस तुमचं पागोटं नि पगडी, हा आमचा मोठेपणा. बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

हात वर जायला लागले. मी दाराकडे पाहिलं. गजराबाई नुसती उभी होती. मी सांगितलं होतं तशीच. धाकटी सभासदांचे हात बोटानं मोजत होती.

त्यानंतर मी काय केलं ते माझं मलाही नीट आठवत नाही. माझ्या बगलेत एक रुमाल होता, रुमालात कागद होते. मी वरचाच ओढला आणि ओरडलो, "थांबा! कागद सापडलाय!"

सगळे हात वरच राहिले.

"कुणाचा?" तिघांनी एकदम विचारलं.

"नागोजींचा."

"कुठल्या?" ही तिघांचीच नव्हे, सगळ्या सभेची हाक होती.

मी कागद उघडला. डोळ्यांपुढे धरला. मान हलवायला लागलो. आणि वाचायला लागलो.

"श्री. मौजे बोरठाण. वेशीबाहेर चिंचेखाली नागोजी पाणके म्हणोन कोणी पुरुष बैसत असे. डोईस काही नसे. हाती मडके. येत्याजात्यास प्यावयास देत असे. नाव पुसत नसे, जात पुसत नसे, कोणीकडील ते पुसत नसे."

"हा कोण पाणके?" दाजीसाहेब गुरगुरले. "असला नागोजी आम्हाला नको. घ्या रे, हात मोजा."

"पुढे आहे, साहेब," मी म्हटलं. "गढीस वेढा पडिला ते समयी अकरा दिवसपर्यंत नागोजी किल्लेदार यांणी मोठी शर्थ केली."

दाजीसाहेबांचा हात खाली आला.

"काय म्हणालास? लिहिलंय?"

"लिहिलंय, साहेब. 'मोठी शर्थ.'"

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. फेट्यांत कुजबुज झाली. कुणीतरी "कागद आहे, कागद!" म्हणालं.

"किल्लेदार तृषेने व्याकूळ जाहले. नागोजी पाणके याणे वेढ्यातून जाऊन पाणी दिल्हे. तेव्हा किल्लेदारांनी आपला मंदिल उतरोन त्याचे पायावर ठेविला. पुढे संत नागोजीबुवा, ज्यांचे चारही अभंग लोकांस मुखोद्गत, ते वारंवार चिंचेखाली येत..."

"चारही!" बारटक्के खाली बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. "चारही म्हटलंय!"

"...येत आणि पागोटे उतरोन नमस्कार करीत. तैसेच बारव बांधणार नागोजीपंत..."

"'बांधणार' असा शब्द आहे?" मेहेंदळे ताडकन उठले. "हजेरी घेणार नव्हे? बांधणार?"

"बांधणार, वकीलसाहेब."

"...नागोजीपंत यांणी पगडी काढोन, लेखणी खाली ठेवोन म्हटले की, या जागी चबुतरा न करावा, पुतळा न करावा. तान्हेल्यास येथे काही प्यावयास मिळावे, हेच स्मारक. हे तिन्ही नागोजींस मान्य. जो ही जागा मोडील त्यास नागनाथाची आण."

आण म्हटल्याबरोबर सभेनं देवळाच्या दिशेला हात जोडले. फेट्यांनी जोडले, टाळांनी जोडले. दाजीसाहेबांचे तर आपोआप जोडले गेले.

मेहेंदळे माझ्यापाशी आले. "कागद बघू."

झालं, मी मनात म्हटलं. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. कागद त्यांनी उलटा धरला होता, 'श्री' खाली. त्या स्थितीत त्यांनी तो वरपासून खालपर्यंत सावकाश पाहिला. एकदा भुवया उंचावल्या. एकदा हुं म्हटलं.

"काय वकील?" दाजीसाहेबांनी विचारलं. "खरा आहे?"

वकिलांनी कागद खाली घेतला. खोटा म्हणावा तर पंतांनी पुन्हा हजेरीच घ्यायची.

"संशयाला जागा नाही," मेहेंदळे म्हणाले. "अक्षर त्या काळचंच. दिगंबरनं वाचलं ते शब्दशः बरोबर आहे."

"मी काय म्हणतो," बारटक्के म्हणाले, "इतका मोठा पुरुष आपल्या गावात होऊन गेला आणि आपण त्याला विसरलो. लाज वाटली पाहिजे."

दाजीसाहेबांनी सभेकडे पाहिलं. मंदिल गेला होता, पण शर्थ मिळाली होती, आणि बाराव्या दिवसाबद्दल कागदात अवाक्षर नव्हतं. त्यांनी टेबलावर हात आपटला.

"ठराव. वेशीबाहेरची जागा नागोजी पाणके यांचं स्मारक म्हणून कायम राहील. तिथं जे कोणी लोकांना प्यायला देत असेल, त्याला पिढ्यान्‌पिढ्या हलवायचं नाही. बाजूनं?"

सगळे हात वर गेले. धाकटी पुन्हा मोजायला लागली.

पांचाळांनी तीनही टोप्या मुकाट्यानं पिशवीत घातल्या.

*

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण बोरठाणात एकदा माणूस मोठा ठरला की तो थांबत नाही. पहिल्या वर्षी रसवंतीशेजारी दगड बसला. दुसऱ्या वर्षी जयंतीची तारीख ठरली. तारीख दाजीसाहेबांनी विचारली, मी सांगितली. तिसऱ्या वर्षी तसबीर झाली, बोडका पुरुष आणि हातात मडकं. पाचव्या वर्षी वंशज निघाले. आधी एक घर निघालं, मग सात, मग सत्तावीस. त्यांच्यात मूळ शाखा कुठली, यावर खटला चालू आहे. मेहेंदळ्यांचा नातू तो चालवतो.

तो कागद मेहेंदळ्यांनी जातीनं चौकटीत बसवून सभागृहात लावला. अर्थात उलटा. वीस वर्षं तो तसाच होता. मग कसरीनं कागद खाल्ला आणि चौकट राहिली. तिला अजून हार घालतात.

आणि गजराबाईनं रोज सकाळी पहिला ग्लास दगडापुढे ठेवायला सुरुवात केली. थोरली शिकून मास्तरीण झाली, धाकटी तालुक्याच्या बँकेत मोजायला बसते. चरकाला आता मोटर आहे.

हे सगळं मी कुणाला सांगितलं नव्हतं. आधी नोकरी, मग पेन्शन, आणि गावाची नाराजी कोण पत्करणार? पण गेल्या पंधरवड्यात कॉलेजातली अन्विता नावाची प्राध्यापक मुलगी आली. नागोजी पाणक्यांवर पुस्तिका काढायची होती.

"आजोबा, तो ऐतिहासिक कागद तुम्ही वाचला होतात. त्या दिवसाची आठवण सांगा ना."

आम्ही रसवंतीच्या बाकावर बसलो होतो. आसपास पाचसात गिऱ्हाईकं होती. तिनं मोबाइल मधे ठेवला, रेकॉर्डिंगची लाल टिकली सुरू केली. आता माझं वय बघता पुन्हा कधी कुणी विचारेल, असं नाही. म्हटलं, एवढी एक तरी गोष्ट खरी सांगून मोकळं व्हावं. आणि खरं सांगायचं तर, आपण काय करून बसलो हे कुणाला तरी कळावं, असंही वाटलं.

सगळं सांगितलं. फुली, आटे, तीनशे बासष्ट दिवस. शेवटी म्हणालो, "बाळ, तो कागद काळ्या म्हशीच्या मालकीबद्दल होता. नागोजी पाणके असा कोणी माणूस झालाच नाही. तो मी उभ्या उभ्या सभेत रचला. ही रसवंती वाचावी म्हणून."

गिऱ्हाईकांनी ग्लास थांबवले. तेवढ्यात मोटर बंद झाली.

गजराबाई खुर्चीतून उठून येत होती. केस पांढरे, कमरेत वाक, पण पदराला हात पुसण्याची रीत तीच.

"भावजी," ती म्हणाली, "मगरीचं सांगितलंत, मी ऐकून घेतलं. चंद्रावरनं चिठ्ठी आल्याचं सांगितलंत, ऐकून घेतलं. गिऱ्हाइकाला गंमत वाटती म्हनून कधी मधी बोलले न्हाई. पन आज बोलते. खोटं हाय हे. साफ खोटं!"

"वहिनी, देवाशप्पथ..."

"शप्पथ घालू नका! त्या दिवशी मी दारात हुते. डोळ्यांनी बघितलं. समदे हात वर, आन एका कागदापायी समदे खाली आले. दाजीसाहेबासारखा मानूस हात जोडून उभा राह्यला. हे काय मानसाचं काम हाय?" तिनं दगडाकडे बोट केलं. "त्यो बाबा झालाच नसता, तर माझ्या पोरींच्या हातातला कोयता काढला कुनी? तुम्ही?"